उंबऱ्यावरची किल्ली

परागनं दुकानाला नवी पाटी लावली त्या दिवसापासून हर्षदाच्या घशाखाली घास उतरेना.

'झेरॉक्स. लॅमिनेशन. आधार अपडेट. जुन्या बंद फाइली डिक्रिप्ट करून मिळतील.'

चारही कामं एकाच रंगात, एकाच मापाच्या अक्षरांत. जणू चौथं कामही पहिल्या तिन्हींइतकंच साळसूद. एस.टी.तून उतरणारा माणूस पाटी वाचायचा, जरा घुटमळायचा आणि खिशातला फोन चाचपायचा. कुणाला मेलेल्या भावाचे फोटो हवे होते, कुणाला बायकोचे लग्नाआधीचे मेसेज. पराग कुणालाच नाही म्हणत नव्हता. कायदा होता, नाही असं नाही. पण कायदा गॅझेटात होता आणि पराग एस.टी. स्टँडवर.

हर्षदा तालुक्याला पतपेढीच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची. त्या आठवड्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलंच, "मॅडम, डिक्रिप्ट म्हणजे काय हो? त्या पाटीवर आहे ते."

"तू पेटीत काही ठेवलंस आणि कुलूप लावलंस, ते एन्क्रिप्शन," हर्षदा म्हणाली. "तुझ्या किल्लीनं तू उघडलंस, किंवा तू जिला किल्ली दिलीस तिनं उघडलं, तर ते डिक्रिप्शन. किल्ली नसताना दुसऱ्या कुणी उघडलं, तर ते फोडणं. त्याला शब्द वेगळा आहे. पाटीवर तो लिहीत नाहीत."

"का?"

"'घरं फोडून मिळतील' अशी पाटी कोण लावेल?"

वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. "पण मॅडम, पेटीतलं दोघांनाही सारखंच दिसणार ना? मग फरक काय पडला?"

हर्षदानं फळा पुसायला घेतला. फळा आधीच कोरा होता.

*

हर्षदाचं गाव खाडीच्या तोंडाशी. तिथल्या लोकांची जात कुठली ते इथं लिहिलेलं नाही, कारण ते लिहिलं की बाकीचे सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. गावात गावकी होती. गावकी म्हणजे पाच-सहा पुरुष देवळाच्या पायरीवर बसतात आणि कुणी कुणाशी बोलायचं ते ठरवतात. बहिष्काराविरुद्ध कायदा आला तेव्हा गावकीनं एक मोठी सुधारणा केली. नाव बदललं. ग्रामविकास मंडळ.

काही वर्षांपूर्वी या मंडळानं यशोदाचं घर वाळीत टाकलं होतं. यशोदाच्या मुलानं जातीबाहेर लग्न केलं, एवढंच. त्या घराला किराणा बंद, गिरण बंद, नळाच्या रांगेत उभं राहणं बंद. नातीला ताप भरला तर एकही रिक्षा दारात आली नाही. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष होते आबा, म्हणजे हर्षदाचे सासरे. जेवताना ते हे सगळं सांगायचे आणि वर म्हणायचे, "आमटीत मीठ कमी आहे गो."

तालुक्याला एक संस्था होती. तिथल्या शुभांगी मॅडम अशा गावांतल्या बायकांची साक्ष गुपचूप नोंदवून घ्यायच्या. बाईनं आपल्याच फोनवर बोलायचं आणि आपल्याच परवलीच्या वाक्यानं फाईल बंद करून संस्थेकडे पाठवायची. बाई तयार झाली तर ती तपासाला उघडायची, नाही तर नाही. मॅडम सगळ्यांना एकच सांगायच्या : वाक्य लांब हवं, जन्मात विसरणार नाही असं हवं, आणि कुठं लिहून ठेवायचं नाही.

आता बाईला दुसरं कुठलं लांबलचक वाक्य असं पाठ असतं, जे तिचं स्वतःचं आहे? आरती देवाची. अंगाई पोराची. तिच्या एकटीच्या नावावर असतो तो उखाणा. नवरी सासरच्या दारात येते, नणंद दार अडवते, आणि नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाही. तिथं नवरी जे बोलते ते तिला मरेपर्यंत आठवतं. शहाण्या लोकांनी पुढं या बायकांना मूर्ख ठरवलं. पासवर्डात कुत्र्याचं नाव टाकणाऱ्या साहेबांना कुणी मूर्ख म्हटलं नव्हतं.

कुणी कुणाला न विचारता सगळ्या बायकांनी आपापला उखाणा घातला. हर्षदानंही :

खाडीच्या पाण्याला भरतीची घाई,
हेमंतरावांचं नाव घेते, वन्सं, आता दार अडवायचं नाही.

तिच्या साक्षीवरून आबांसकट मंडळाच्या लोकांना अटक झाली. साक्ष कुणाची, ते न्यायालयाबाहेर कुणाला कळलं नाही. आबा जामिनावर सुटून आले ते बोलेनासे झाले. भिंतीकडे तोंड करून जेवायचे. नंतर गेले. यशोदाचं घर त्याआधीच गाव सोडून गेलं होतं. मंडळावर बाळाशेठ बसले आणि गाव पूर्वीसारखं झालं. फक्त एक प्रश्न उरला, देवळाच्या पायरीपासून मच्छीच्या बाजारापर्यंत विचारला जाणारा : कोण बोललं?

मग संस्थेचा सर्व्हर कुणीतरी फोडला आणि सगळ्या बंद फाइली बाहेर आल्या. नावं नव्हती, नुसते क्रमांक आणि तालुका. लोकांनी त्या एकमेकांना पाठवल्या. गावातल्या जवळपास प्रत्येक फोनमध्ये हर्षदाचा आवाज येऊन पडला, तोंड शिवलेला. ती परवलीचं वाक्य बदलू शकत नव्हती. बदललं असतं तर तिच्याकडची प्रत नव्या किल्लीची झाली असती. बाहेर गेलेल्या प्रतीला जुनंच कुलूप होतं, आणि ते तसंच राहणार होतं.

तरी बरीच वर्षं तिला झोप लागायची. कारण कुलूप खरंच मजबूत होतं. असं कुलूप फोडायचं म्हणजे एकामागून एक प्रत्येक शक्य किल्ली लावून बघायची, आणि त्या किल्ल्या इतक्या असतात की जगातले सगळे संगणक जुंपले तरी त्याआधी सूर्य विझेल.

परागनं आणलेलं मशीन हे करतच नव्हतं. ते गणिताच्या वाटेलाच जात नव्हतं. त्यानं या पट्ट्यातले लग्नाचे व्हिडिओ गिळले होते, हळदीकुंकवाची रेकॉर्डिंग, बायकांचे स्टेटस, आरत्या, डोहाळजेवणाची गाणी. त्यावरून ते ताडत होतं की या खाडीवरची, या वयाची बाई लांब वाक्य निवडायला बसली तर तिच्या तोंडी काय येईल. सगळ्या किल्ल्या नाही, फक्त बाईच्या तोंडात बसतील अशा. कुलूप बिचारं जागच्या जागी होतं. मशीन माणूस ओळखत होतं. आणि एखादा उखाणा अर्धामुर्धा हाती लागला तरी पुरे. शब्द मागंपुढं करून, मधले गाळून, त्याच्या लाखो आवृत्त्या ते घटकाभरात लावून बघायचं.

हर्षदाला वाचवलं होतं ते करोनानं. तिचं लग्न बंदीतलं. व्हिडिओवाला नाही, वऱ्हाड नाही. ती बोहल्यावरून थेट घरी आली तेव्हा उंबऱ्यावर दोघीच होत्या : सासूबाई, आणि दाराला आडवा हात लावून उभी असलेली नणंद, वनिता. सासूबाई आता नाहीत. हेमंत शेजारी उभा होता, पण त्याला त्यातला एक शब्दही आठवत नव्हता.

म्हणजे तिची किल्ली जगात फक्त वनिताकडे होती. वनिताला मात्र आपल्याकडे किल्ली आहे हे माहीत नव्हतं.

*

"काय गो, तोंड का असं वाळल्या बोंबलासारखं?" वनिता शिलाई मशीनवरून न उठताच म्हणाली. "बस. बातमी आहे. मी परीक्षक झाले."

वनिता हेमंतची थोरली बहीण. नवऱ्यानं मारलं म्हणून नाही, मारून वर माफी मागितली नाही म्हणून माहेरी निघून आलेली. पुढच्या घरात राहायची, मागच्या दोन खोल्यांत हर्षदा आणि हेमंत. हेमंत वर्षातले बरेच महिने जहाजावर. दोघी एकत्रच जेवायच्या, एकत्रच भांडायच्या. गावातल्या यच्चयावत बायकांचे ब्लाऊज वनिता शिवायची आणि कुणाच्या मापात किती फरक पडला यावरून कुणाच्या घरात काय चाललंय ते सांगायची.

"कसली परीक्षक?"

"उखाण्यांची स्पर्धा. मंडळानं ठेवलीय, देवळाच्या मंडपात. आपापल्या लग्नातला पहिला उखाणा म्हणायचा. पहिलं बक्षीस पैठणी! बाळाशेठ स्वतः आले होते विचारायला. म्हणाले, वनिता, गावातल्या निम्म्या दारांवर तू उभी होतीस, कुणी चुकलं तर तूच सुधारशील."

हर्षदानं हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. त्याच सकाळी शुभांगी मॅडमचा फोन येऊन गेला होता. मॅडम आता थकल्या होत्या, आवाज कापत होता. "पलीकडच्या खाडीवरच्या गावात स्पर्धा झाली गं. बायकांनी हौसेनं माईकवर उखाणे घेतले. संध्याकाळी फाईल उघडली. त्या बाईला नेसत्या साडीनिशी बाहेर काढलं. तू तोंडातून एक ओळ काढू नकोस."

"मी नाही भाग घेणार, ताई," हर्षदा म्हणाली.

"अशी कशी नाही? बाळाशेठनी सांगितलंय, प्रत्येक घरातून एक तरी. म्हणाले, जी नाव घेणार नाही तिच्या पोटात काहीतरी आहे असं गाव समजेल." वनिता हसली. "मेला चेष्टा करतो."

चेष्टा नव्हती. हर्षदानं खोटा उखाणा म्हटला असता तर वनितानं सगळ्यांसमोर, मोठ्या प्रेमानं, खरा म्हणून दाखवला असता. तिची स्मरणशक्ती म्हणजे तिचा गर्व होता. तिला गप्प करायचं तर कारण सांगावं लागणार होतं. आणि कारण सांगायचं म्हणजे असं म्हणायचं : तुमच्या वडलांना मी पकडून दिलं.

फाईलमध्ये अजून एक गोष्ट होती. यशोदाची नात तापानं फणफणत होती तेव्हा ब्लाऊजपिसांच्या पिशवीत औषध घालून वनिता त्या घरी गेली होती. मागच्या दारानं, एकापेक्षा जास्त वेळा. हर्षदानं ते पाहिलं होतं आणि साक्षीत सांगितलं होतं, पोलिसांनी आबांबरोबर तिलाही गोवू नये म्हणून. ती फाईल मंडपात वाजली असती तर हर्षदा जहाजवाल्या नवऱ्याकडे, क्लासकडे, कुठंतरी गेली असती. वनिता कुठं जाणार होती? तिचं पोट या गावाच्या मापावर चालत होतं. बाळाशेठनं एक शब्द टाकला की तिचं मशीन थांबणार होतं.

*

स्पर्धेच्या आदल्या दुपारी हर्षदा पुढच्या घरात गेली. वनिता ब्लाऊज बेतत होती. ओठांत टाचण्या धरलेल्या, हातात खडू.

"ताई, बोलायचंय."

वनितानं टाचण्यांच्या आडून नुसतं हुंकारून 'बोल' म्हटलं.

हर्षदानं दार लोटलं. उभ्याउभ्याच बोलली. परागचं मशीन काय करतं ते. स्पर्धा कशासाठी आहे ते. परवलीचं वाक्य म्हणजे काय ते. मग थांबली. बाहेर कुणाच्या तरी अंगणात मसाला कांडायचं यंत्र घरघरत होतं. ते बंद होईपर्यंत ती थांबली, मग तिला कळलं की ते बंद होणार नाही.

"कोण बोललं, असं सगळे विचारतात ना. मी बोलले."

वनिता कापडाकडे बघत होती.

"तुमचंही नाव आहे त्यात. औषध नेलंत ते. चांगलंच सांगितलंय, पण आहे. उद्या मी वेगळाच उखाणा म्हणेन. तुम्हाला विचारतील. तुम्ही फक्त हो म्हणा."

वनितानं ओठांतली एक टाचणी काढली, उशीत टोचली. मग दुसरी. मग तिसरी. तिचे ओठ मोकळे व्हायला हर्षदाला वाटलं अख्खा पावसाळा गेला.

"बाळाशेठच्या बायकोचा आहे," ती म्हणाली. "गळ्याला पायपिंग लावू की साधी पट्टी?"

"ताई..."

"पायपिंगच लावते. उद्या घालायचाय तिला." तिनं कात्री उचलली. "जाताना दार उघडं ठेव. उकडतंय."

त्या संध्याकाळी वनितानं जेवायला हाक मारली नाही.

*

मंडपात चटया अंथरल्या होत्या. पुढं माईक, माईकमागं खुर्चीवर बाळाशेठ, बाजूला टेबलावर परागचा लॅपटॉप. "रेकॉर्डिंग करतोय, गावाच्या आठवणी जपायला नकोत का?" असं तो येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होता. बायका नटून आल्या होत्या. गजऱ्यांचा वास, हळदीचा वास, पोरांची रडारड. वनिता परीक्षकाच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर हात ठेवून. हर्षदाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

पहिलाच मान शेवंताकाकूंचा. कवळी सावरत त्या म्हणाल्या :

"वाफाळल्या भातावर तुपाची धार,
गजाननरावांचं नाव घेते, भिंतीवर बसलेत गप्पगार!"

मंडप खदखदून हसला. "काकू, लग्नात ते भिंतीवर होते काय?" कुणीतरी ओरडलं.

"लग्नातला वेगळा होता गो, पण तेव्हा ते माझं ऐकायचे!"

वनितानं माईक घेऊन त्यांचा खरा उखाणा जसाच्या तसा म्हणून दाखवला. टाळ्या पडल्या. परागनं तो टाइप केला. लॅपटॉपवर एक पट्टी सरकत राहिली आणि शेवटी लाल झाली : कुलूप उघडलं नव्हतं. हर्षदाला ती पट्टी चटईवरून दिसत होती. बाकी कुणी तिकडे बघतही नव्हतं. बायका एकामागून एक उठत होत्या, लाजत होत्या, आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला माईक दोन्ही हातांनी धरून आपली किल्ली गावाच्या हातात देत होत्या. कुणी चुकली की वनिता सुधारत होती. प्रत्येक वेळी बिनचूक. प्रत्येक वेळी पट्टी सरकत होती. लाल. लाल. पुन्हा लाल.

हर्षदाला वाटलं, ताईनं ठरवलंय. ती मला सांगतेय की तिला सगळं आठवतं.

"आबांची सून," बाळाशेठ म्हणाले. "ये गो. मागं का बसलीस?"

ती उठली. खऱ्यापासून शक्य तितका लांबचा, असा तिनं घोकून ठेवलेला उखाणा म्हटला :

"देवापुढं लावली समईची वात,
हेमंतरावांचं नाव घेते, राहो जन्मभर साथ."

टाळ्या झाल्या, जेवढ्यास तेवढ्या. पट्टी सरकली. लाल. पराग वळून बाळाशेठकडे बघू लागला. बाळाशेठनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

"हा तर कॅलेंडरवरचा वाटतो. वनिता, दार तू अडवलं होतंस. हाच होता काय?"

वनितानं माईक हातात घेतला. मंडप शांत झाला नव्हता, बायका आपसांत बोलतच होत्या. शांत फक्त हर्षदा झाली होती. हो म्हणा ताई. एकच अक्षर.

"नाही," वनिता म्हणाली. "हा नव्हता."

परागची बोटं कीबोर्डवर गेली.

"विसरली मेली," वनिता मंडपाकडे बघून म्हणाली. "जहाजावरचा नवरा, नाव घ्यायची सवयच गेली. मला बरा आठवतो. अगदी कालच्यासारखा." तिनं घसा खाकरला आणि पहिल्यांदाच हर्षदाकडे सरळ पाहिलं :

"चुलीवरच्या भांड्यावर झाकण ठेवलं जपून,
हेमंतरावांचं नाव घेते, नणंदेपासून काहीच नाही लपून!"

मंडप फुटला. शेवंताकाकूंनी मांडीवर थाप मारली, "हा खरा नणंदेच्या दारातला!" पराग भराभर टाइप करत होता. बाळाशेठ खुर्चीतून पुढं झुकले होते. पट्टी सरकू लागली. मशीन तो उखाणा उलटा करून बघत होतं, शब्द गाळून बघत होतं, हेमंतरावांच्या जागी हेमंत, भांड्याच्या जागी पातेलं. हर्षदाला माहीत होतं की त्या वाक्यात तिचा एक शब्दही नाही. तरी तिची नजर पट्टीवरून हलेना.

लाल.

"वनिता, नीट आठव," बाळाशेठ म्हणाले. आता हसू नव्हतं.

"आठव म्हणजे?" वनितानं माईक खाली ठेवला नाही. "बाळाशेठ, बंदीतलं लग्न ते. उंबऱ्यावर आई, मी आणि ही. आई गेली. आता माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असेल, तर त्या दिवशी आमच्या दारामागं लपून बसला होता काय?"

बायकांचा हशा असा उसळला की बाळाशेठच्या बायकोलाही तोंडाला पदर लावावा लागला. हसणारीच्या तोंडून काही वदवता येत नाही, एवढं बाळाशेठना कळत होतं. त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली.

पैठणी शेवंताकाकूंना मिळाली.

*

दिवेलागणीला वनितानं हाक मारली. "हर्षदा, इकडं ये."

हर्षदा पुढच्या दाराशी आली. वनिता उंबऱ्यावर उभी होती. एक हात चौकटीला आडवा. लग्नाच्या दिवशी होता तसाच.

"हो म्हटलं असतं तर त्यांनी मानलं नसतं," वनिता म्हणाली. "तू हो म्हणायला सांगितलंस. अक्कल नाही तुला."

"ताई, तुम्ही..."

"गप. मी बोलतेय. आबांना न्यायला पोलीस आले त्या सकाळी तू त्यांचा सदरा इस्त्री करून दिलास. मी पोलीस ठाण्यात गेले तेव्हा त्यांना घेरी आली होती. त्यांनी खिशात हात घातला, तर खिशात बीपीच्या गोळ्या. आबा जन्मात कधी गोळ्या खिशात ठेवत नव्हते. त्या सकाळी पोलीस येणार हे आपल्या घरात एकाच माणसाला माहीत होतं."

खाडीवरून वारा आला.

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून. तुझ्या हातचं जेवले, तुझ्या पोटरीला तेल चोळलं, आणि रोज वाटायचं, विचारावं. मग वाटायचं, विचारलं की उत्तर ऐकावं लागेल." वनितानं समोरच्या घराच्या खिडकीकडे एकदा पाहिलं. "माफबिफ केलेलं नाही. तसं समजू नकोस. ते भिंतीकडं तोंड करून जेवायचे ते मी बघितलंय. यशोदाची नात पण बघितलीय. दोन्ही बघितलंय म्हणून गप्प राहिले."

"परागचं मशीन थांबणार नाही, ताई. आज चुकलं. उद्या दुसरं काहीतरी शोधेल."

"माहीत आहे. म्हणूनच म्हणते. एक दिवस तो आवाज मंडपात वाजेल. त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकणार नाही. आबांबद्दल तू काय बोललीस ते मला परागच्या स्पीकरवरून ऐकायचं नाही. फाईल आहे ना तुझ्याकडं?"

"आहे."

"मग उघड."

हर्षदानं फोन काढला. क्लासमधली ती पुढच्या बाकावरची मुलगी तिला आठवली. दोघांनाही आतलं सारखंच दिसणार ना, मॅडम? तिला आत्ता तिथं आणून उभं करावंसं वाटलं.

"टाइप नको करू," वनिता म्हणाली. आडवा हात तिनं हलवला नव्हता. "नाव घे. मला ऐकू दे."

हर्षदानं फोन तोंडाशी धरला. ती म्हणाली, आणि दुसऱ्या ओळीपासून वनिताचे ओठही तिच्याबरोबर हलू लागले, बिनआवाज, एक शब्द न चुकता :

"खाडीच्या पाण्याला भरतीची घाई,
हेमंतरावांचं नाव घेते, वन्सं, आता दार अडवायचं नाही."

पडद्यावर पट्टी सरकली. हिरवी झाली. थोडी खरखर, मग एक तरुण, घाबरलेला आवाज त्या दोघींच्या मधे बोलू लागला.

"माझं नाव हर्षदा. मी आता जे सांगणार आहे ते कुणालाही कळलं तरी चालेल. फक्त माझ्या नणंदेला कळू देऊ नका. ती..."

समोरच्या घराची खिडकी किरकिरली. वनितानं झटकन फोनवर तळवा ठेवला. आवाज तिच्या हाताखाली दबून बोलत राहिला.

तिनं चौकटीवरचा हात काढला.

"आत ये," ती म्हणाली. "बाहेर ऐकू जाईल."